गरोदरपणातील गुप्तरोग आणि होणारे बाळ



गेल्या अंकात आपण बेणेप्रक्रियेचा पाठ वाचला. काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातून पुढच्या पिकात कसे उतरतात, कांडी वरून टवटवीत दिसली तरी आत रोग कसा दडलेला असतो, आणि म्हणून बेणेमळ्यापासूनच काळजी का घ्यायची, हे त्यात सांगितलं होतं. बऱ्याच सभासदांनी गटऑफिसला येऊन चौकशी केली, त्याचा आनंद वाटला. आज त्याच धर्तीचा, पण कितीतरी अधिक मोलाचा विषय घेत आहोत. धडधाकट दिसणाऱ्या आईबापांच्या अंगातला रोग पोटातल्या लेकरापर्यंत कसा पोचतो आणि तो वाटेत कसा अडवता येतो, याचा हा पाठ आहे.

बेण्याची उपमा मात्र इथंच सोडून देऊ. रोगट बेणं आपण बांधावर फेकून देतो. काही घरांत रोग निघालेल्या सुनेचंही तेच करतात, आणि त्यातूनच पुढचा अनर्थ होतो. म्हणूनच हा पाठ लिहायला घेतला.

विषय नाजूक आहे. पत्रिका घरात सासू-सुना वाचतात, पोरंसोरं वाचतात, तेव्हा असलं छापावं की न छापावं, यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की, एस.टी. स्टँडच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ अशी अक्षरं लहान पोरंही रोज वाचतात. मग त्याच विषयावर खरं काय ते आपल्या पत्रिकेत यायला कशाला लाजायचं?

एका घरातली गोष्ट

आमच्या पाहण्यातली एक हकिकत सांगतो. नावगाव सांगणार नाही, विचारूही नये.

घर बागायतदाराचं. दारात ट्रॅक्टर, मुलगा शिकलेला, सून चांगल्या घरातली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात झालं, चार दिवस जगलं. सासूबाई म्हणू लागल्या, “हिची कूसच वाईट.” नवस झाले, गंडेदोरे झाले, बाहेरची बाधा म्हणून उतारे झाले. मुलाचं दुसरं लग्न करायची भाषा सुरू झाली. सून मुकाट्यानं ऐकत राहिली.

तिसऱ्या खेपेला उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी हट्टानं तिला तिसऱ्या महिन्यातच नेऊन रक्त तपासून घेतलं. त्यात गरमीचा रोग निघाला. घरात आगडोंब उसळला. “बघा, हिनंच आणलं,” असं म्हणून तिला माहेरी धाडायची तयारी झाली. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी नवऱ्याला एकट्याला आत बोलावून दार लावून घेतलं. तेव्हा उलगडा झाला. लग्नाआधी शहरात शिकायला असताना त्याला एकदा इंद्रियावर चट्टा उठला होता. दुखत नव्हता. कुणीतरी दिलेलं मलम लावलं, तीन-चार आठवड्यांत चट्टा गेला. ‘बरं झालं’ असं समजून तो विसरूनही गेला होता. रोग मात्र त्याला विसरला नव्हता.

दोघांनाही आठवड्याला एक याप्रमाणे तीन आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. नवव्या महिन्यात मुलगी झाली. तिचीही तपासणी झाली. ती आज शाळेत जाते.

आम्हाला त्यातली एकच गोष्ट खुपते. पहिल्या खेपेलाच रक्त तपासलं असतं तर ती दोन लेकरं बहुधा आज असती, आणि त्या माउलीनं सहा वर्षं जो दोष डोक्यावर वाहिला तो वाहावा लागला नसता.

गरमी का फसवते?

गरमीला डॉक्टरी भाषेत सिफिलिस आणि मराठी पुस्तकांत उपदंश म्हणतात. हा रोग एका मळसूत्रासारख्या जंतूमुळे होतो. हा जंतू १९०५ साली जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन या दोघांनी शोधला. तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, आणि आईकडून पोटातल्या बाळाला जातो.

संबंध आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी चट्टा उठतो. तो बहुधा दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो आतल्या अंगाला असला तर तिला पत्ताही लागत नाही. औषध न करता काही आठवड्यांत तो भरून येतो. मलमवाल्याचं आणि भोंदू वैदूचं इथंच फावतं. रोग आपोआप दडी मारतो आणि नाव मात्र मलमाचं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायांवरही येतं. ताप, घसादुखी होते, केस जागोजागी गळतात. तेही आपोआप जातं. मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. माणूस शेतात राबतो, जेवतो, झोपतो. पण जंतू अंगात असतो. या दडलेल्या काळातही गरोदर बाईकडून तो बाळाला जाऊ शकतो. रोग ताजा असेल तेवढा धोका जास्त. जुना झाला की कमी होतो, पण संपत नाही.

म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे उत्तर या रोगापुढं चालत नाही. तो फक्त रक्त तपासूनच कळतो.

बाळावर काय परिणाम होतो?

आईच्या रक्तातला जंतू वारेतून बाळाकडे जातो. तो गरोदरपणात कधीही जाऊ शकतो. आईवर उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही वाईट घडतं. ते असं :

(१) दिवस गेलेले असताना गर्भ पडतो, किंवा मूल पोटातच दगावतं.
(२) दिवस पूर्ण व्हायच्या आत बाळंतपण होतं.
(३) बाळ वजनाला फार कमी भरतं.
(४) बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत जातं.
(५) बाळ जगतं, पण रोग घेऊनच येतं.

पाचव्या प्रकाराबद्दल दोन शब्द अधिक. असं बाळ जन्मतः अगदी चांगलं दिसू शकतं. मग काही आठवड्यांत नाक सतत वाहू लागतं, तळहात-तळपायांची कातडी सोलते, कावीळ होते, पोट फुगतं. हाडांना सूज आल्यानं बाळ एखादा हात हलवतच नाही. त्यातूनही ते वाढलं तर पुढं कानानं बहिरं होणं, बुबुळ पांढुरकं होऊन नजर जाणं, पुढचे पक्के दात खुंटीसारखे खाच पडून येणं, अशी लक्षणं दिसतात. लंडनच्या हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच ही तीन लक्षणं एकत्र बांधून दाखवली. आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जातात.

ही जुन्या काळची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ६० हजार बाळांना आईकडून हा रोग गेला. त्यातली २ लाखांवर पोटातच किंवा जन्मल्यावर लगेच दगावली. त्यांतल्या बहुतेकांना वाचवणारं औषध तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं.

औषध कोणते?

पेनिसिलिन. फ्लेमिंग यांनी ते १९२८ साली लंडनमध्ये शोधलं. १९४३ साली अमेरिकेत महोनी या डॉक्टरांनी ते गरमीच्या रोग्यांना देऊन पाहिलं आणि रोग हटला. आपल्या महाराष्ट्राला तर हे औषध परकं नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलिनसाठीच.

विशेष म्हणजे इतकी वर्षं झाली तरी गरमीचा जंतू पेनिसिलिनला सरावलेला नाही. कीडनाशकांना सरावलेल्या किडी आपण शेतात रोज बघतो. इथं तसं झालेलं नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर बाळापर्यंत पोचून रोग बरा करणारं म्हणून खात्रीनं सांगावं असं हे एकच औषध आहे.

रोग ताजा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं. रोग जुना असेल किंवा केव्हा झाला हे सांगता येत नसेल, तर आठवड्याच्या अंतरानं अशी तीन. ती डॉक्टरांनीच द्यायची. पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत थंडीताप येऊ शकतो. तो जंतू मरत असल्यामुळे येतो आणि दिवसभरात उतरतो. पोटात कळा येऊ लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र ताबडतोब दवाखान्यात जावे.

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची ओळ. बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी आईचे उपचार सुरू झालेले असले पाहिजेत आणि ठरलेली सगळी इंजेक्शनं वेळेवर पुरी झाली पाहिजेत. तरच बाळापुरते ते पुरेसे धरतात. जितके लवकर तितके चांगले. पहिल्या तीन महिन्यांत झाले तर उत्तमच. उशीर झाला म्हणून उपचार टाळू नयेत, पण मग बाळाची तपासणी आणि बहुधा बाळालाही इंजेक्शनं, हे ओघानं आलंच.

बाकीचे रोग

परमा : यात पू जातो, लघवीला जळजळ होते. बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. यानं पाणी लवकर फुटतं, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होतं. बाळंत होताना जंतू बाळाच्या डोळ्यांत गेले तर दोन-चार दिवसांत डोळे सुजून पू येतो. त्याच दिवशी उपचार झाले नाहीत तर नजर जाऊ शकते. जर्मनीत लायप्झिगच्या क्रेडे या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत औषधाचा एक थेंब टाकायला सुरुवात केली. तिथं शंभरातल्या दहाएक बाळांचे डोळे येत, ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. बाळाच्या डोळ्यांना घाण येते म्हणून अंगावरचं दूध किंवा काजळ घालत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

क्लॅमिडिया : हाही परम्याच्याच जातीचा, पण अधिक मुका. बाळाचे डोळे येतात आणि पुढं न्यूमोनियाही होतो. गरोदरपणात चालतील अशा साध्या गोळ्यांनी जातो.

एचआयव्ही : उपचार न घेतल्यास शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. आईनं रोजची गोळी चुकवली नाही आणि बाळाला सांगितलेलं औषध दिलं, तर हे प्रमाण पाचाच्याही आत येतं. ही औषधं सरकारी एआरटी केंद्रातून मोफत मिळतात. रोग आहे म्हणून मूल होऊ देऊ नये, हे दिवस आता राहिलेले नाहीत.

ब प्रकारची कावीळ : ही रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. जन्मतःच लागण झालेल्या शंभरातल्या नव्वदेक बाळांच्या अंगात ती कायमची राहते आणि पुढं यकृत खराब करते. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस टोचली की मोठा धोका टळतो. ‘पाचवी झाल्यावर टोचू’ असं म्हणू नये.

हर्पिस : जांगेत किंवा अंगावर पाण्यानं भरलेले दुखरे फोड. बाळंतपणाच्या वेळी ते असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. बाळाला जपण्यासाठी शस्त्रक्रियेनं बाळंतपण करतात.

अंगावरून पांढरं जाणं हे गरोदरपणात थोडंफार होतंच. पण घाण वास, खाज, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं किंवा जखम असेल तर लाजू नये. सरकारी रुग्णालयांतून यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचा विभाग असतो. तिथं तपासणी आणि औषध मिळतं.

तपासणी कशी करून घ्यावी?

(१) पाळी चुकली की थांबू नये. बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. आशाताईंना सांगितलं तरी त्या नेतात.

(२) पहिल्याच खेपेला विचारून घ्यावे : “माझं रक्त एचआयव्ही, गरमी आणि ब काविळीसाठी तपासलं का?” हिमोग्लोबिन आणि साखर तपासली म्हणजे सगळं झालं असं नाही. गरमीच्या तपासणीला व्हीडीआरएल किंवा आरपीआर म्हणतात. बोटातल्या थेंबावर थोड्या वेळात निकाल देणाऱ्या पट्ट्याही आता निघाल्या आहेत.

(३) २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ९ तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

(४) नवऱ्याचीही तपासणी व्हावी. बाईला रोग निघाला तर नवऱ्याला औषध दिल्यावाचून उपचार पुरे होत नाहीत. एकट्या बाईला बरं केलं आणि नवरा तसाच राहिला, तर रोग पुन्हा तिच्याकडे आणि बाळाकडे येतो. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध ठेवू नये; डॉक्टर सांगतील तोवर पुढंही निरोध वापरावा.

(५) पहिली तपासणी चांगली आली तरी धोका वाटत असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा करावी.

(६) माता व बाल संरक्षण कार्ड जपावे. कोणतं इंजेक्शन कोणत्या तारखेला दिलं हे त्यावर लिहून घ्यावे. बाळंतपण दुसऱ्या गावी झालं तर तिथल्या डॉक्टरांना तोच एक पुरावा असतो.

दोष कुणाचा?

आपल्या भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात या रोगाचं नाव ‘फिरंग रोग’ असं आहे. फिरंग्यांबरोबर आला म्हणून तसं नाव पडलं. त्याच काळात इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. म्हणजे जो तो दुसऱ्याच्या नावावर खपवत होता. पाचशे वर्षांनी आपण घराघरांत तेच करतो, फक्त फिरंग्याच्या जागी सून उभी करतो.

तपासणी आधी बाईची होते, म्हणून रोगही आधी बाईचा निघतो. त्यावरून तो तिनं आणला असं सिद्ध होत नाही. आपल्याकडे पुष्कळ बायांना तो नवऱ्याकडूनच आलेला असतो, आणि नवऱ्यालाही कित्येकदा तो कधीचा हे ठाऊक नसतं. दोष शोधत बसलं की तपासणी लपते, औषध राहतं, आणि त्याची किंमत तिसराच जीव भरतो, ज्याचा काडीचाही दोष नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ सालचा कायदाच आहे. संमतीवाचून तपासणी करायची नाही, निकाल फोडायचा नाही, आणि रोग आहे म्हणून कुणाला कामावरून, शाळेतून वा दवाखान्यातून काढायचं नाही. घरात बोलायची सोय नसेल तर १०९७ या मोफत सरकारी दूरध्वनीवर नाव न सांगता विचारता येतं.

तोडणीच्या टोळ्यांबद्दल

आता आपल्या कारखान्याशी थेट संबंध असलेली बाब.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, नाशिक या भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे उसात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि पोटुशी असली तरी तेच करते. हंगामाच्या सुरुवातीला जी तिसऱ्या महिन्यात असते ती पट्टा पडेपर्यंत आठव्या-नवव्यात पोचते. म्हणजे रक्त तपासायचा आणि औषध घ्यायचा जो नेमका काळ, तो सगळा आपल्या फडात जातो. तिचं नाव गावाकडच्या उपकेंद्रात, ती आपल्या शिवारात. दवाखान्यात जायचं तर दिवस बुडतो, दिवस बुडाला की मुकादमाच्या वहीत खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. मग कुठली बाई जाईल?

इथं एक गैरसमज काढून टाकू. हे रोग टोळीवाल्यांचे, असं कुणी मनात आणू नये. वर सांगितलेली गोष्ट बागायतदाराच्या घरातली आहे हे ध्यानात ठेवावे. फरक इतकाच की, आपल्या सुनेला दवाखान्यात न्यायला दारात गाडी आहे आणि तिला नाही.

म्हणून सभासदांना आणि मुकादमांना आमचं हात जोडून सांगणं आहे :

आपल्या फडात टोळी उतरली की घरातल्या बायांनी कोपीवर जाऊन कोण पोटुशी आहे याची विचारपूस करावी आणि ते आशाताईंच्या कानावर घालावे. येणाऱ्या ९ तारखेला त्या बायांना आरोग्य केंद्रात पोचवावे. आपला ट्रॅक्टर नाहीतरी त्या वाटेनं जातोच. त्या दिवसाचा खाडा धरू नये. आणि तपासणीत कुणाचं काय निघालं ते विचारू नये, चारचौघांत तर बोलूच नये. शेतकी विभागाच्या चिटबॉयनीही नोंद घेताना एवढं लक्ष ठेवावं. संचालक मंडळालाही आम्ही या अंकाबरोबर तशी विनंती करत आहोत.

एका कोयत्याचा एक दिवस म्हणजे किती टन ऊस, हा हिशेब आपल्याला येतो. त्याच्यासमोर दुसऱ्या रकान्यात काय आहे तेही मांडून पाहावे.

शंका-समाधान

शंका : एका ताटात जेवल्यानं, कपड्यांनी, एकाच संडासानं हे रोग लागतात का?
उत्तर : नाही. त्यासाठी सुनेचं ताट वेगळं करू नये.

शंका : तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे गरमी आहेच का?
उत्तर : दर वेळी नाही. व्हीडीआरएल कधी दुसऱ्या आजारात, तर कधी गरोदरपणामुळेही खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणून टीपीएचएसारखी दुसरी तपासणी करून खात्री करतात. आणि याच कारणानं पहिल्या कागदावरून घरात भांडण मांडू नये. डॉक्टर मात्र बाळासाठी इंजेक्शन आधीच सुरू करू म्हणाले तर नाही म्हणू नये.

शंका : पेनिसिलिनची रिअॅक्शन येते म्हणतात.
उत्तर : क्वचित येते. पूर्वी कधी आली असेल तर आधी सांगावे. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावे आणि अर्धा तास तिथंच बसावे. रिअॅक्शन येणाऱ्या गरोदर बाईलाही मोठ्या रुग्णालयात हळूहळू मात्रा वाढवत पेनिसिलिन देता येतं.

शंका : आईला गरमी असेल तर बाळाला अंगावर पाजावं का?
उत्तर : पाजावं. स्तनावर जखम असेल तर बरी होईपर्यंत त्या बाजूचं पाजू नये. एचआयव्ही असलेल्या आईनं औषध चालू ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाजावं.

शंका : हे रोग हटवणं कुणाला जमलं आहे का?
उत्तर : आईकडून बाळाला जाणारा एचआयव्ही आणि गरमी जवळजवळ बंद केल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली क्युबाला, २०१६ साली थायलंडला आणि २०१९ साली आपल्या शेजारच्या श्रीलंकेला दिला. क्युबा आपल्यासारखाच ऊस पिकवणारा देश. तिथं कोणतं निराळं औषध नव्हतं. प्रत्येक गरोदर बाईचं रक्त वेळेवर तपासलं आणि लगेच औषध दिलं, एवढंच.

समारोप

सभासदहो, आम्ही डॉक्टर नाही. हा पाठ वाचून कुणी स्वतःच औषध करू नये. पण एवढं मात्र प्रत्येकानं घरी जाऊन विचारावं : घरात कुणाला दिवस गेले आहेत का, तिचं रक्त तपासलं का, आणि तिच्या नवऱ्याचं? दिवस सहावा असो की आठवा महिना, तपासणीला उशीर झाला म्हणून ती सोडून देऊ नये.

पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा पाठ येईल. या पाठाबद्दल काही शंका असल्यास नाव न घालता चिठ्ठी लिहून गटऑफिसच्या सूचनापेटीत टाकावी. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून उत्तर छापू.